श्रीलंका, जिनिव्हा आणि भारताचं मत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत श्रीलंकेवर मतदान झालं की दोन-तीन दिवस तेच ते प्रश्न फिरत राहतात. मग वर्ष-दोन वर्षं कुणी त्या देशाचं नावही काढत नाही. ते प्रश्न इथे एका जागी घेतले आहेत. काहींची उत्तरं एका ओळीत संपतात, काहींना पानभर जागा लागते. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

मुळात तक्रार कशाची आहे?

श्रीलंकेतलं यादवी युद्ध जुलै १९८३ च्या तमिळविरोधी हिंसाचारानंतर पेटलं आणि मे २००९ मध्ये संपलं. तक्रारीचा मोठा भाग शेवटच्या चार-पाच महिन्यांचा आहे. लिट्टे, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणारी सशस्त्र संघटना, मागे हटत हटत मुल्लैत्तीवू जिल्ह्यात समुद्र आणि नंदिक्कडल नावाचं खारं तळं यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत अडकली, आणि तिच्याबरोबर लाखो सामान्य माणसंही. सरकारने एकामागून एक 'नो फायर झोन' जाहीर केले आणि लोकांना तिथे जायला सांगितलं. त्याच झोनमध्ये तोफगोळे पडले. इस्पितळंही सुटली नाहीत.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणिसांनी नेमलेल्या तीन तज्ज्ञांच्या गटाने २०११ मध्ये अहवाल दिला. या टप्प्यात ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. कोलंबोने तो कधीच मान्य केला नाही. युद्धानंतर जवळजवळ तीन लाख लोक 'मेनिक फार्म' आणि आसपासच्या छावण्यांत काटेरी कुंपणाआड ठेवले गेले. शेवटच्या दिवसांत शरण आलेल्या कित्येकांचा पत्ता आजतागायत लागलेला नाही.

मग लिट्टेचं काय? ती काय साधुसंत होती?

मुळीच नाही. लिट्टेने शाळकरी पोरांच्या हातात बंदुका दिल्या, आत्मघाती हल्ले केले, स्वतःच्याच तमिळ विरोधकांना संपवलं. ऑक्टोबर १९९० मध्ये उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना हुसकावून लावलं. जाफना शहरात तर घर सोडायला अवघे काही तास दिले. २००९ मध्ये तिने लोकांना ढालीसारखं धरून ठेवलं आणि पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. वर सांगितलेल्या अहवालात हेही लिहिलेलं आहे.

फरक एवढाच की लिट्टेचं नेतृत्व त्याच पट्टीत संपलं. चौकशी करायची म्हटली तर उत्तर द्यायला जिवंत, पदावर असलेली माणसं मुख्यतः एकाच बाजूला उरली. चौकशी 'एकतर्फी' वाटते त्याचं हेही एक कारण.

युद्ध चालू असताना दिल्ली काय करत होती?

दोन तोंडांनी बोलत होती, असं म्हणणं कठोर वाटेल, पण ते फारसं चुकीचं नाही. जाहीर भूमिका अशी होती की प्रश्नावर लष्करी तोडगा नाही, राजकीय तोडगा हवा. दुसरीकडे श्रीलंकेला भारताने रडार दिले होते. हे गुपित फार काळ राहिलंही नाही. सप्टेंबर २००८ मध्ये लिट्टेने वावुनियाच्या तळावर हल्ला केला, तेव्हा जखमींत दोन भारतीय तंत्रज्ञ निघाले. ते तिथे रडारच्या कामासाठी होते.

त्यातच २००९ ची लोकसभा निवडणूक. तामिळनाडूचं मतदान १३ मे रोजी होतं. २४ एप्रिलला राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार एम. के. नारायणन आणि परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन कोलंबोला जाऊन आले. २७ एप्रिलला सकाळी मुख्यमंत्री करुणानिधी चेन्नईच्या मरीनावर अचानक उपोषणाला बसले. त्याच दिवशी श्रीलंका सरकारने यापुढे मोठी शस्त्रं वापरणार नाही असं जाहीर केलं, आणि दुपारी उपोषण सुटलं. तोफा थांबल्या नाहीत. १६ मे रोजी आपल्याकडे निकाल लागले, १८ मे रोजी तिकडे लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन मारला गेला.

न्यायाने हेही सांगायला हवं, की भारताचं वैद्यकीय पथक मार्च २००९ मध्येच श्रीलंकेच्या ईशान्य किनाऱ्यावर पुल्मोडईला पोहोचलं होतं. युद्धक्षेत्रातून बोटीने आणलेले जखमी तिथे उपचारांसाठी येत. मदत खरी होती. पण गोळा झाडणाऱ्याचा हात धरणं आणि जखमेवर पट्टी बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि भारताने दुसरं निवडलं.

जिनिव्हात नेमकं काय होतं? ठराव म्हणजे शिक्षा का?

नाही. मानवी हक्क परिषदेत ४७ देश असतात. ठराव संमत झाला तरी कुणाला तुरुंगात टाकता येत नाही. निर्बंध लादण्याचा अधिकार सुरक्षा परिषदेचा, आणि तिथे चीन-रशियाचा नकाराधिकार आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा श्रीलंका सदस्य नाही (भारतही नाही). मग ठरावाने होतं काय? अहवाल मागवता येतो, चौकशी पथक नेमता येतं, पुरावे जपून ठेवता येतात. आणि दर वेळी कोण कुठे उभं आहे हे पटलावर दिसतं. सगळी ओढाताण या शेवटच्या गोष्टीची.

भारताने आजवर कसं मत दिलं?

थोडं विस्ताराने सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

२७ मे २००९, म्हणजे युद्ध संपून दहा दिवसही झाले नव्हते. युरोपीय देशांना चौकशी हवी होती. श्रीलंकेने उलट स्वतःचाच, स्वतःची पाठ थोपटणारा ठराव पुढे केला. तो २९ विरुद्ध १२ मतांनी संमत झाला आणि भारताचं मत त्या २९ मध्ये होतं. भारताच्या एकूण नोंदीतलं हे मत मला सगळ्यात जास्त खटकतं. २०१४ च्या तटस्थतेवर ढीगभर लेख लिहिले गेले, या मतावर मात्र फारसं कुणी बोलत नाही.

मार्च २०१२ मध्ये अमेरिकेने ठराव आणला. बाजूने २४, विरोधात १५, तटस्थ ८. भारत बाजूने. शेजाऱ्याविरुद्ध, तेही एका विशिष्ट देशाचं नाव घेऊन आलेल्या ठरावाला भारताने मत देणं ही मोठी बातमी होती, कारण असे 'देशनिहाय' ठराव आपल्याला तत्त्वतःच मान्य नाहीत. मार्च २०१३ मध्ये पुन्हा बाजूने (२५-१३-८). मार्च २०१४ मध्ये तटस्थ (२३-१२-१२). २०१५ मध्ये मतदानच झालं नाही. श्रीलंकेत सत्ताबदल झाला होता आणि नवं सरकार स्वतः ठरावाचं सहप्रायोजक बनलं. २०२० मध्ये गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने त्यातून अंग काढून घेतलं. मार्च २०२१ मध्ये (२२-११-१४) आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये (२०-७-२०) भारत पुन्हा तटस्थ.

२०१२ मध्ये तरी भारताने कडक भूमिका घेतली होती ना?

मत कडक होतं, मजकूर नव्हता. मूळ मसुद्यानुसार संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने श्रीलंकेला सल्ला आणि तांत्रिक मदत द्यायची आणि श्रीलंकेने ती स्वीकारायची होती. भारताच्या आग्रहाने त्यात शब्द घातले गेले: श्रीलंका सरकारशी सल्लामसलत करून आणि त्याच्या संमतीने. म्हणजे ज्याची तपासणी व्हायची त्याच्याच खिशात दाराची किल्ली. भारताने हात वर केला तो ही किल्ली ठेवून घेतल्यावर. चेन्नईत सांगायला 'विरोधात मत दिलं' आणि कोलंबोत सांगायला 'धार आम्हीच बोथट केली'. परराष्ट्र खात्याच्या कारागिरीचा हा नमुना म्हणून शिकवावा असा आहे.

मग २०१४ मध्ये असं काय बिनसलं?

तोवरचे ठराव 'तुमची चौकशी तुम्हीच करा' असं सांगत होते. २०१४ च्या ठरावाने मानवी हक्क कार्यालयालाच चौकशी करायला सांगितलं, आणि त्यात श्रीलंकेच्या संमतीची अट नव्हती. बाहेरून येणारी अशी चौकशी सार्वभौमत्वाला धक्का लावते, असं भारताने म्हटलं आणि हात खाली ठेवला. दुसऱ्याच दिवशी श्रीलंकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांनी श्रीलंकेच्या ताब्यातले सगळे भारतीय मच्छीमार सोडायचा आदेश दिला. रामेश्वरमच्या कोळीवाड्यात आनंद झाला असणार. पण असल्या पावत्या इतक्या झटपट मिळाल्या की हिशेब लोकांना दिसतो.

तटस्थ म्हणजे कुणाच्याच बाजूने नाही, बरोबर?

कागदावर बरोबर. परिषदेत मात्र ठराव बाजूच्या आणि विरोधाच्या मतांवर ठरतो. तटस्थ मत मोजणीत कुठेच पडत नाही, पण त्याचा अर्थ लावायला सगळे मोकळे असतात. २०२१ मध्ये ठराव संमत झाल्यावर श्रीलंकेचे परराष्ट्रमंत्री दिनेश गुणवर्धने यांनी ११ विरोधी आणि १४ तटस्थ अशी बेरीज करून, बहुसंख्य देशांनी ठरावाला पाठिंबा दिलेलाच नाही, असा निष्कर्ष काढला. भारत त्या बेरजेत होता. भारताने तसं सांगितलं नव्हतं, पण तटस्थ राहणाऱ्याचं गणित दुसराच कुणीतरी मांडतो.

भारताच्या प्रत्येक निवेदनात 'तेरावी घटनादुरुस्ती' का येते?

कारण भारताची खरी मागणी तीच आहे. हे एकदा ध्यानात आलं की वरची सगळी मतं एका ओळीत बसतात.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. त्यातून श्रीलंकेच्या घटनेत तेरावी दुरुस्ती आली, प्रांतिक परिषदा आल्या, तमिळ ही अधिकृत भाषा झाली. उत्तर-पूर्वेच्या तमिळांना स्वतःचा कारभार थोडाफार स्वतः करता यावा, ही कल्पना. (दुसऱ्या दिवशी मानवंदनेच्या वेळी एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. करार तिथे किती लोकप्रिय होता याची कल्पना त्यावरून यावी.)

पुढे काय झालं? जमीन आणि पोलीस हे दोन अधिकार कागदावर प्रांताकडे गेले, प्रत्यक्षात कधीच नाहीत. उत्तर आणि पूर्व प्रांतांचं एकत्रीकरण २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलं. उत्तर प्रांताच्या परिषदेची पहिली निवडणूक व्हायला २०१३ उजाडलं. तिची मुदत २०१८ मध्ये संपली आणि पुन्हा निवडणूकच नाही. आपल्याकडे महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हातात राहिल्या की कसं वाटतं ते मुंबई-पुणेकरांना वेगळं सांगायला नको. तिथे प्रांतच्या प्रांत राज्यपालाच्या हातात आहेत.

म्हणजे मागणी सत्तेच्या वाटपाची आहे, हिशेबाची नाही. तमिळांना समता, न्याय, शांतता, सन्मान मिळावा असं भारत म्हणतो, पण त्यातल्या 'न्याय' या शब्दापुढे न्यायालय कधी उभं करत नाही. पाश्चात्त्य देशांची गाडी नेमकी उलट्या टोकाला: दोषी कोण ते ठरवा, सत्तेचं पुढे बघू. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने परिषदेत बऱ्यापैकी स्पष्ट नाराजी व्यक्त केली, तीदेखील राजकीय तोडग्याच्या बाबतीत मोजता येईल अशी प्रगती दिसत नाही याबद्दल होती. बेपत्ता माणसांबद्दल नव्हती.

न्यायालयाची मागणी भारत का टाळतो? काश्मीरमुळे?

ते एक कारण, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. आज मुल्लैत्तीवूत बाहेरची चौकशी मान्य केली तर उद्या आपल्या दारात कुणी उभं राहील, ही धास्ती दिल्लीच्या परराष्ट्र खात्यात जुनीच आहे.

दुसऱ्या कारणाबद्दल कमी बोललं जातं. भारत तिथे फक्त प्रेक्षक नव्हता. १९८७ ते मार्च १९९० आपली शांतिसेना तिथे होती. ऑक्टोबर १९८७ मध्ये, ऐन दिवाळीत, जाफनाच्या सरकारी इस्पितळात भारतीय जवानांच्या गोळीबारात डॉक्टर, नर्स, रुग्ण मिळून साठ-सत्तर जण मारले गेले. लिट्टेने आतून गोळीबार केला, असं लष्कराचं म्हणणं. तमिळ लोक ते मानत नाहीत, दर वर्षी मृतांचं स्मरण करतात. चौकशीचं पान उलटायचं ठरवलं तर ते नेमकं २००९ वरच थांबेल, अशी हमी कोण देणार?

चीनमुळे भारत गप्प बसतो, हे खरं का?

अर्धं खरं. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं, ऑगस्ट २०२२ मध्ये 'युआन वांग ५' हे चिनी जहाज भारताचा विरोध असूनही तिथे लागलं. दिल्लीला हे बोचतं. पण गप्प बसून काही पदरात पडलं का? फेब्रुवारी २०२१ च्या सुरुवातीला कोलंबो बंदरातल्या पूर्व टर्मिनलचा भारत-जपानबरोबरचा करार श्रीलंकेने मोडला. त्याच्या आधी काही दिवसच भारताने लसीचे पाच लाख डोस फुकट पाठवले होते. मार्चमध्ये भारत तरीही तटस्थ राहिला. २०२२ मध्ये देश दिवाळखोरीत गेला तेव्हा भारताने जवळजवळ चार अब्ज डॉलरची मदत केली. चिनी जहाज लागलं ते त्याच वर्षी.

तामिळनाडूचं दिल्ली ऐकते का?

सरकार टेकूवर असलं की ऐकते. मार्च २०१३ मध्ये द्रमुकने याच प्रश्नावर केंद्र सरकारचा पाठिंबा काढला (१८ खासदार), आणि दोनच दिवसांनी भारताने ठरावाच्या बाजूने मत दिलं. त्या वर्षी आयपीएलच्या चेन्नईतल्या सामन्यांत श्रीलंकेचे खेळाडू खेळू शकले नाहीत. नोव्हेंबरमध्ये मनमोहन सिंग कोलंबोच्या राष्ट्रकुल परिषदेला गेले नाहीत, सलमान खुर्शीद गेले. स्पष्ट बहुमताच्या काळात, २०२१ मध्ये, तामिळनाडू विधानसभेच्या मतदानाला दोन आठवडे उरले असतानाही भारत तटस्थ राहिला. घटनेनुसार परराष्ट्र व्यवहार पूर्णपणे केंद्राचा विषय आहे, पण राजकारण घटनेच्या याद्या बघून चालत नाही.

महाराष्ट्राचा यात काही संबंध?

शांतिसेनेतून. तिच्यातले अकराशेहून अधिक जवान तिथे मारले गेले. त्या मोहिमेतलं एकमेव परमवीरचक्र ८ महार पलटणीच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं, आणि ते जन्माने मुंबईकर. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांची तुकडी छाप्यात सापडली. छातीत गोळी लागली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून घेतली आणि त्याला मारलं, मग स्वतः गेले. आपल्याकडे श्रीलंकेचा विषय निघाला की क्रिकेट आठवतं, हे फारसं कुणाला आठवत नाही.

इतर देशांनी तरी काय दिवे लावले?

थोडेफार. युरोपीय संघाने २०१० मध्ये श्रीलंकेच्या मालाची आयातकरातली सवलत काढली आणि २०१७ मध्ये परत दिली. अमेरिकेने २०२० मध्ये श्रीलंकेचे तेव्हाचे लष्करप्रमुख शवेंद्र सिल्व्हा यांना प्रवेशबंदी केली. कॅनडाने २०२३ मध्ये महिंदा आणि गोटाबाया या दोन्ही राजपक्षे भावांवर निर्बंध घातले. ब्रिटनने २०२५ मध्ये चौघांवर घातले, त्यात लिट्टेतून फुटून सरकारकडे गेलेला करुणा अम्मानही आहे. भारताने कुणावरच घातले नाहीत.

भारताने प्रत्यक्ष काम काय केलं?

घरं बांधली. उत्तर-पूर्वेत आणि चहाच्या मळ्यांच्या भागात मिळून ५० हजार घरांची योजना होती, बहुतेक घरं मालकांनीच टप्प्याटप्प्याने मिळालेल्या पैशांतून उभी केली. उखडलेले रूळ भारतीय कंपनीने पुन्हा टाकले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये 'याळ देवी' ही रेल्वेगाडी पुन्हा जाफनाला पोहोचली. ज्या घरातून माणूस बेपत्ता झाला तिथे नवं छप्पर आलं, याची किंमत कमी लेखू नये. माणसाचं उत्तर मात्र आलं नाही.

भारतात आलेल्या निर्वासितांचं काय?

तामिळनाडूत सुमारे ९० हजार आहेत, निम्म्याहून जास्त छावण्यांत. अनेकांचा जन्मच इथला. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत श्रीलंका नाही.

आजवर कुणाला शिक्षा झाली का?

एक उदाहरण सांगतो. डिसेंबर २००० मध्ये मिरुसुविल इथे आठ तमिळ नागरिकांचे गळे चिरले गेले, त्यात मुलंही होती. सार्जंट सुनील रत्नायके याला २०१५ मध्ये फाशीची शिक्षा झाली. पंधरा वर्षं लागली, पण झाली. मार्च २०२० मध्ये, जग कोविडच्या टाळेबंदीत असताना, गोटाबाया राजपक्षे यांनी त्याला माफी दिली.

आता सरकार बदललं आहे. काही आशा?

सप्टेंबर २०२४ मध्ये अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचा जेव्हीपी पक्ष म्हणजे १९८७ च्या कराराविरुद्ध बंड करणारा, उत्तर-पूर्व एकत्रीकरण मोडायला न्यायालयात गेलेला. तरी नोव्हेंबरच्या संसदीय निवडणुकीत जाफना जिल्ह्याने त्यांच्याच आघाडीला सर्वांत जास्त मतं दिली. लोक जुन्या तमिळ पक्षांनाही किती कंटाळले असतील बघा.

२०२५ मध्ये जाफनाजवळ चेम्मणी इथे सामूहिक दफनाच्या जागेचं खोदकाम झालं आणि दोनशेहून अधिक सांगाडे निघाले. एका लहान मुलाच्या सांगाड्याजवळ युनिसेफची निळी शाळेची पिशवी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिनिव्हात श्रीलंकेवर आणखी एक ठराव आला. तो मतदानाशिवाय संमत झाला, आणि त्या वर्षी भारत परिषदेचा सदस्य नव्हता. हात वर करायचा की खाली ठेवायचा हा प्रश्नच आला नाही.

किलिनोच्चीला कंदस्वामी मंदिराबाहेर बेपत्ता माणसांच्या आया फेब्रुवारी २०१७ पासून फोटो घेऊन बसल्या आहेत. त्यातल्या काही आता नाहीत. त्यांचे फोटो बाकीच्यांनी आपल्या फोटोंशेजारी लावले आहेत.